धोतरा : नाव एक, झाडे दोन

गावालगतच्या उकिरड्यांवर, पडीक जमिनीत व रस्त्यांच्या कडेला उगवणाऱ्या दोन निरनिराळ्या झाडांना आपल्याकडे ‘धोतरा’ असेच म्हणतात. एकाची फुले कर्ण्यासारखी लांब, पांढरी किंवा जांभळी असतात. महादेवाला वाहतात तो हाच. दुसऱ्याचे फूल पिवळे असून पानांच्या कडांना तीक्ष्ण काटे असतात. यास पिवळा धोतरा अथवा काटेधोतरा म्हणतात. परंतु बोलण्याच्या ओघात ‘पिवळा’ हा शब्द पुष्कळदा गळून पडतो. दोहोंची बोंडे काटेरी असल्यामुळे हे नामसाम्य आले असावे. वस्तुतः पहिला वांगी-मिरचीच्या कुळातील, तर दुसरा अफूच्या कुळातील व मूळचा मेक्सिकोकडील आहे.

दोन्ही झाडे विषारी आहेत, पण विष एक नाही. पांढऱ्या धोतऱ्याचे बी पोटात गेल्यास थोड्याच तासांत तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व माणूस बरळू लागतो. पिवळ्या धोतऱ्याची बाधा याहून फसवी असते. त्याचे बी मोहरीत मिसळून घाण्यात जाते आणि ते तेल काही दिवस खाण्यात आल्यावर पायांवर सूज चढते, धाप लागते, हृदय दुर्बल होते. कित्येकांच्या दृष्टीसही अपाय होतो. 1877 साली कलकत्त्यात या रोगाची नोंद झाली होती. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने 60 हून अधिक माणसे दगावली.

म्हणून ‘धोतऱ्याची बाधा’ एवढेच सांगून भागत नाही. रोग्यास दवाखान्यात नेताना झाडाची फांदी किंवा बी, तेलाचा संशय असल्यास तेही, सोबत न्यावे. घरगुती उतारे करीत वेळ दवडू नये.

ओळख पटविण्यास फुलाची वाट पाहण्याचे कारण नाही. देठ मोडावा, पिवळा चीक आला तर तो पिवळा धोतरा. पांढऱ्या धोतऱ्याचे बी चपटे, मिरचीच्या बियांसारखे असते. पिवळ्याचे बी मात्र गोल व काळसर असून मोहरीत सहज खपते, चाळणीनेही नीट निघत नाही. भिंगातून पाहिल्यास ते खडबडीत व जाळीदार दिसते, मोहरी त्यामानाने गुळगुळीत असते. तेलाची परीक्षा नायट्रिक आम्लाने होते, परंतु ते काम प्रयोगशाळेचे. घरी करू नये.

खरा उपाय शेतातच आहे. पिवळा धोतरा पावसाळा सरता सरता उगवतो व रब्बीच्या पिकांत वाढतो. पाने जमिनीलगत पसरलेली असतानाच तो मुळासकट उपटावा. पुढे काटे निबर झाले की मजूर त्यास हात लावीत नाहीत, आणि ते स्वाभाविकच आहे. एका बोंडात शेकडो बिया असतात, म्हणून बोंडे धरलेली झाडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, वाळवून जाळावी. मोहरी किंवा मोहरीचे मिश्रपीक असेल तेथे कापणीपूर्वी शेतातून एक फेरी अवश्य मारावी. मळणीनंतर बी निवडत बसण्यापेक्षा हे काम सोपे जाते.