मुद्दे देणार कोण?

बोर्दो, जून

जूनच्या मध्यावर एक सकाळ अशी येते की फ्रान्समधल्या बातम्यांचा क्रमच बदलतो. युद्ध, संप, पंतप्रधान सगळे मागे सरकतात आणि रेडिओवरचे निवेदक सांगू लागतात, यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना तत्त्वज्ञानाच्या पेपरात काय आलं. २०२४ साली १८ जूनला एक प्रश्न होता : राज्यसंस्था आपलं काही देणं लागते का? पाच लाखांहून अधिक मुलं त्या सकाळी चार तासांच्या त्या पेपराला बसली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या पाववाल्या बाईंनी सुटे पैसे परत देता देता मला विचारलं, "तुम्ही काय लिहिलं असतं?" मी म्हटलं, "लागते की!" "हा झाला पहिला भाग," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात काय?" मागे रांग होती, म्हणून मी सुटले.

बाईंचा प्रश्न थट्टेचा नव्हता. इथे शिकलेल्या माणसाच्या डोक्यात कुठल्याही लिखाणाचे भाग आधी पडतात, वाक्यं मागून येतात. त्या भागांच्या मांडणीला ते 'प्लां' म्हणतात. आपण आराखडा म्हणू, पण आपल्याकडे आराखडा म्हणजे बांधकामाआधीची कटकट. इथे मास्तर आधी आराखडा वाचतात, भाषा त्यानंतर.

परीक्षेच्या खोलीत पांढऱ्या उत्तरपत्रिकेबरोबर कच्चे कागद मिळतात, रंगीत : गुलाबी, हिरवे, पिवळे. त्यांना म्हणायचं 'ब्रुयों'. शेजारच्याला बहुधा दुसरा रंग देतात, म्हणजे कागद इकडचा तिकडे गेला तर पर्यवेक्षकाला लांबूनही दिसावा. चार तासांपैकी पहिला तास-दीड तास पांढऱ्या कागदाला हात लावायचा नाही, असं शिक्षक वर्षभर बजावत असतात. कच्च्या कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, कारण मग सगळे कागद बाकावर पसरून एका नजरेत दिसतात. प्रस्तावना आणि समारोप मात्र कच्च्यावर पूर्ण लिहून काढायचे. मधल्या भागांचे नुसते मुद्दे, आकड्यांनी आणि अक्षरांनी बांधलेले.

प्रस्तावनेचा विधी ठरलेला. शब्द उलगडायचे : 'देणं' म्हणजे कर्ज की कर्तव्य? मग दिलेल्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न बाहेर काढायचा. त्याला नाव आहे 'प्रोब्लेमातीक', आणि हा शब्द इथे दहावीतली मुलंही सहज वापरतात. शेवटी आपण कोणत्या वाटेने जाणार ते वाचकाला सांगून टाकायचं. हे सगळं झालं की मगच पहिला भाग. विषय सोडून भरकटलात तर समासात 'ओर-सुजे' असा शेरा पडतो, म्हणजे विषयाबाहेर. पुढचं सोनं असलं तरी मातीमोल.

मला आमची मराठीची प्रश्नपत्रिका आठवते : 'पुढील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा'. गाव – दुष्काळ – म्हातारी – विहीर – बोध. मुद्दे पेपर काढणारा द्यायचा, आम्ही दोन रेघांमधल्या जागा भरायचो. निबंधाचे मुद्दे गाइडात असत. 'विज्ञान : शाप की वरदान' यात आधी शाप, मग वरदान आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून' हे ठरलेलं. गंमत अशी की फ्रेंच मुलांचीही हीच खोड आहे : हो, नाही, कदाचित. शिक्षकांना या तिसऱ्या 'कदाचित'चा मनस्वी राग. तिसऱ्या भागात आधीच्या दोघांत तडजोड करायची नसते. त्या दोघांना जे दिसलं नाही ते दाखवायचं असतं. आपल्या शास्त्रग्रंथांतले पूर्वपक्ष मांडणारे पंडित हे ऐकून मान हलवतील. आमच्या शाळेपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं.

हा तिसरा भाग येतो कुठून, ते मला गेल्या हिवाळ्यात घरातच बघायला मिळालं. लेक सोळा वर्षांची, लिसेत, म्हणजे इथल्या उच्च माध्यमिक शाळेत. इतिहासाच्या शिक्षकांनी घरी लिहायला दिलं : अठराव्या शतकातली बोर्दोची श्रीमंती गुलामांच्या व्यापारातून आली का? विषय गावाच्या जिव्हारी लागणारा. प्लास द ला बूर्स या चौकातल्या देखण्या इमारतींवर कोरलेल्या मुखवट्यांत आफ्रिकी बायकांचे चेहरे आहेत आणि पर्यटक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढतात. २०१९ च्या मे महिन्यात नदीकाठी मोदेस्त तेस्तासचा पुतळा बसला. बोर्दोच्या तेस्तास बंधूंनी विकत घेतलेली ही बाई. पुढे गुलामांच्या व्यापाऱ्यांची नावं असलेल्या काही रस्त्यांच्या पाट्यांखाली खुलाशाच्या छोट्या पाट्याही लागल्या.

लेकीने रविवारी दुपारी गुलाबी कागदावर आराखडा केला. चार रंगांचं एकच पेन असतं इथे, प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीत. मोठे भाग लाल, पोटभाग निळे, उदाहरणं हिरवी. पहिला भाग : हो, इथून जहाजं गेली. दुसरा भाग : तरीही गावाने ते विसरायचं ठरवलं. तिसरा : आता आठवण काढतात. "झालं," ती म्हणाली. मलाही झालंच वाटलं. वाचायला छान होतं.

सोमवारी ती शाळेच्या सेदेईत गेली. हे आपल्या शाळेतल्या कुलूपबंद कपाटांसारखं ग्रंथालय नव्हे. इथल्या माध्यमिक शाळांत हे संदर्भकेंद्र असतंच, आणि ते सांभाळणारी व्यक्ती कारकून नसते, शिक्षक असते. या पदासाठी १९८९ पासून शिक्षकांच्या स्पर्धा परीक्षेत वेगळी शाखा आहे. लेकीच्या शाळेतल्या बाई पुस्तक हातात देण्याआधी कागद मागतात. त्यांनी गुलाबी कागद पाहिला आणि विचारलं, "तुझा दुसरा भाग प्रश्नाला उत्तर देतो का? प्रश्न श्रीमंतीचा आहे. आठवणीचा कुठे आहे?" मग त्यांनी एरिक सोजेरा यांचं बोर्दोच्या गुलामव्यापारावरचं १९९५ सालचं पुस्तक काढून दिलं, आणि म्यूझे दाकितेन या संग्रहालयाची पुस्तिका. तिथे २००९ पासून या विषयाची कायमची दालनं आहेत.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फिश पसरल्या. फिश म्हणजे चौकटीच्या रेघांचं जाड कार्ड, तळहाताहून मोठं. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची आणि वरच्या कोपऱ्यात कुणी लिहिलंय, कधी, कितव्या पानावर. पान लिहायचं राहिलं तर ते कार्ड बाद. मी एक बाद झालेलं कार्ड वाण्याच्या यादीसाठी उचललं तर लेक ओरडली, "आई, थांब, पान सापडेल!" पहिल्या कार्डांवर तिला हवं तेच होतं : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८३७ पर्यंत बोर्दोतून जवळपास ५०० मोहिमा निघाल्या आणि १,२०,००० ते १,५०,००० माणसं अटलांटिकपार नेली गेली. या धंद्यात फ्रेंच बंदरांत पहिलं नाव नाँतचं, पण बोर्दोही पहिल्या काही बंदरांत.

चौथ्या की पाचव्या कार्डाशी ती अडली. पुस्तकात होतं की बोर्दोच्या व्यापाऱ्यांचा मोठा पैसा थेट व्यापारातला. आफ्रिकेकडे न वळता जहाजं इथून वाइन, पीठ, कापड घेऊन सरळ कॅरिबियनमधल्या अँटिल्स बेटांवर जात आणि साखर-कॉफी भरून परत येत. म्हणजे माणसं वाहून नेणारी जहाजं एकूण जहाजांत थोडीच. लेक घुसमटली. "मग उत्तर 'नाही' येतंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीती होती. अशा विषयात 'नाही' लिहिलं तर आपण कुणाच्या बाजूचे ठरतो, हे सोळाव्या वर्षीही कळतं.

गुलाबी कागद फाडावा की नवं पुस्तक बाजूला ठेवावं, या विचारात दोन दिवस गेले. मी तिच्या जागी असते तर पुस्तक बाजूला ठेवलं असतं. आराखडा सुंदर झाला होता हो! बुधवारी तिने पिवळा कागद घेतला. पहिला भाग : हो, जहाजं गेली, आकड्यांसकट. दुसरा : पण गावाचा मोठा नफा थेट व्यापाराचा. मग बराच वेळ रिकामी जागा. रात्री अकराच्या सुमारास ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "पण ती साखर कुणी पिकवली?" सँ-दोमँगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, मळ्यांत कोण राबत होतं? जे जहाज आफ्रिकेला गेलंच नाही, त्याच्या पोटातली साखरही गुलामांनीच कापलेल्या उसाची होती. पहिल्या भागाने माणसांची जहाजं मोजली आणि दुसऱ्याने मालाची. माल कुणाच्या घामाचा, हे दोघांनीही मोजलं नव्हतं. तिसरा भाग उभा राहिला.

त्या रात्री मला पहिल्यांदा पटलं की ही मंडळी आराखड्याला एवढं का धरून असतात. तो नसता तर नवी माहिती कुठल्यातरी परिच्छेदात 'तथापि' लावून खपून गेली असती. भाग पाडलेले होते म्हणून ती कुठे बसत नाही ते दिसलं.

या पद्धतीचा त्रास मी स्वतःही भोगला आहे. इथे आल्यावर प्रौढांच्या एका अभ्यासक्रमात मी एक टिपण लिहिलं होतं, मराठी ललित लेखनाच्या सवयीने : एक आठवण, तिच्यातून दुसरी, मग एक निरीक्षण. परत आलं तेव्हा समासात एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह : 'प्लां?' मजकुरावर अक्षर नाही. मी आठवडाभर खट्टू होते. नुसत्या खोल्या काढून घर होत नाही, थोडं अंगण लागतं, असं अजूनही वाटतं. आणि सगळीकडे हेच. सोसायटीच्या बैठकीत लिफ्टच्या दुरुस्तीवर बोलणारे गृहस्थही 'माझे दोन मुद्दे, प्रत्येकाचे दोन पोटमुद्दे' अशी सुरुवात करतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर दोन भाग आणि प्रत्येकात दोन पोटभाग यापलीकडे जायची जवळजवळ बंदीच. विषयाचे तीन तुकडे पडत असले तरी दोनच पाडायचे.

त्यातून हा सगळा खटाटोप मोंतेनच्या देशात! बोर्दोहून पूर्वेला तासाभराच्या अंतरावर त्याचा मनोरा आहे. निबंध या प्रकाराला नाव देणारं त्याचं पुस्तक १५८० साली बोर्दोतच छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी तो इथला महापौर झाला. घोड्यावरून मधुमेहावर, नव्हे, मूतखड्यावर, आणि तिथून मरणावर जाणारा माणूस. त्याला आराखडा विचारायची कुणाची हिंमत? आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. त्याच्या ग्रंथालयाच्या तुळयांवर त्याने आवडती लॅटिन आणि ग्रीक वचनं रंगवून घेतली आहेत. मान वर केली की संदर्भ. काही ठिकाणी एका वचनावर नंतर दुसरं रंगवलेलं आहे. लेक बराच वेळ मान वर करून बघत होती. "याच्या फिश," ती म्हणाली, "आणि पान नंबर कुठेच नाही."

तिच्या निबंधाला वीसपैकी तेरा मिळाले. इथे दहाला पास, आणि असल्या लिखाणात तेराला लोक पेढे वाटतील, पेढे असते तर. शेवटी शिक्षकांनी लिहिलं होतं : तिसरा भाग तुझा स्वतःचा, दुसऱ्यात घाई केलीस. तिने ते वाचलं, पिवळा कागद वहीत घातला आणि दुसऱ्या भागातल्या कॉफीच्या आकड्याचं राहिलेलं पान शोधायला बसली.