विहिरीवरचे झाकण

मुंबईच्या आरोग्याचा विषय निघाला की आपण १८९६च्या प्लेगपाशी जाऊन थांबतो. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि शहर हादरले. रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम निघाला. महिनाभरात संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. १८९७मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, तपासणी पथके चाळीचाळींतून शिरली. खोल्या धुतल्या, सामान जाळले, माणसे उचलली. पुण्यात याचा शेवट कसा झाला, ते आपण शाळेतच शिकलो.

इतके करून रोग हटला का? नाही. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ग्लेन लिस्टन आणि त्यांचे सहकारी पुढच्या दशकात उंदरांच्या मागे लागले. शहरभरातून लाखावर उंदीर तपासले गेले आणि गुन्हेगार सापडला, तो म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. पथके झडती घेत होती माणसांची आणि रोग हिंडत होता उंदरांबरोबर.

तरीही, या शहराच्या तपासनिसाची खरी परीक्षा प्लेगने घेतली असे मला वाटत नाही. ती घेतली हिवतापाने. १८९७मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला होता. मुंबईत तो डास राहतो कुठे, याचा शोध डॉ. चार्ल्स बेंटली यांनी घेतला. १९११च्या त्यांच्या अहवालातले उत्तर अनेकांना गैरसोयीचे होते. ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्साय’ या डासाला गटार नको होते. त्याला हवे होते स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी, म्हणजे घरोघरच्या विहिरी आणि टाक्या. फोर्टातल्या, गिरगावातल्या नेटक्या घरांतले पाणी.

वास्तविक १८९२मध्ये तानसाचे पाणी आल्यावर विहिरींची गरज ओसरली होती. पण विहीर म्हणजे काही नुसते पाणी नव्हे. पारशांना विहिरीशी प्रार्थना करायची असे, हिंदूंना पूजेला नळाचे पाणी चालत नसे. विहिरी बुजवा किंवा झाका, अशा नोटिसा निघाल्या तशी अर्जांची रांग लागली. महापालिकेत अधिकारी असलेले आणि पुढे तिचे आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांनी विहिरींभोवतीच्या श्रद्धा इतक्या ऐकल्या, की १९१८मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. अखेर तोड निघाली. विहीर झाकायची, पण पाणी काढायला झाकणात जाळीची झडप ठेवायची.

या तोडीचे मला कौतुक आहे, आणि तिचा थोडा रागही येतो. मालकाच्या विहिरीसाठी सरकारला श्रद्धा समजली, अर्ज वाचता आले, झडप सुचली. पंधरा वर्षांपूर्वी चाळीतल्या बाईने आजारी नवऱ्याला नेऊ नका म्हणून हात जोडले, तेव्हा मधली वाट कुणाला सुचली नव्हती. तिच्या दाराशी तपासनीस पथक घेऊन आला. मालकाच्या दाराशी तो कागद घेऊन आला.

माझे लहानपण गिरगावातल्या एका वाडीत गेले. आमच्या विहिरीवर असेच झाकण होते. महापालिकेचा माणूस यायचा, झडप उघडायचा, दोरीला बांधलेले भांडे खाली सोडायचा आणि वर आलेले पाणी उन्हात धरून बघायचा. त्यात वळवळ दिसली तर औषध टाकायचा. एकदा त्याने गप्पी मासे सोडले, ते बघायला आम्ही सगळी पोरे जमलो होतो. “दर आठवड्याला कशाला येता?” असे कुणीतरी त्रासून विचारले. तो म्हणाला, “डास आठवड्यात तयार होतो, काका. मी पंधरवड्याने आलो तर काय उपयोग?”

आरोग्य खात्याचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात होते. नाट्य त्यात काहीच नाही. त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही, त्याच्या नावाचा रस्ता होत नाही. तो आला नाही, तरच त्याची आठवण होते. २०१०मध्ये मुंबईत हिवताप पुन्हा उसळला, तेव्हा ती झाली. मुंबईच्या विहिरींतला तोच ‘स्टीफेन्साय’ २०१२मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि तिथल्या शहरांना आता त्याने धास्ती घातली आहे.

आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी आणि उंच इमारतींच्या बांधकामांवर साचणाऱ्या पाण्याने घेतली आहे. कायदा अजून १८८८चाच आहे आणि नोटीसही तीच. साथ आली की आपले बोट मात्र अजून झोपडपट्टीकडेच जाते. ते तिकडे दाखवण्यापूर्वी जिना चढून आपल्याच टाकीचे झाकण उघडून बघावे. आणि तपासायला आलेल्या माणसाला वॉचमनने फाटकावरून परत पाठवले असेल, तर त्याला पुन्हा बोलावून घ्यावे.