संवेदकावरील धूळ व तेलाचे डाग आणि हस्तलिखितांचे छायाचित्रण : एक विवेचन

सारांश

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकासमोरील काचेवर धुळीचा कण वा वंगणाचा सूक्ष्म थेंब बसला, तर तो छायाचित्रात काळसर ठिपक्याच्या रूपाने उमटतो. देवनागरी व मोडी हस्तलिखितांच्या छायाचित्रात असा ठिपका अनुस्वार म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात हे डाग कसे निर्माण होतात, ते कसे ओळखावेत, कसे दूर करावेत व जुन्या छायाचित्रांतील डागांविषयी संशोधकाने कोणती भूमिका घ्यावी, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : संवेदक, धूळ, वंगण, ॲपर्चर, हस्तलिखित, मोडी, अनुस्वार, पाठनिश्चिती.

प्रस्तावना

इ.स. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना झाली आणि हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनला देशभर चालना मिळाली. आज इतिहासाचा वा प्राचीन मराठी वाङ्मयाचा अभ्यासक मूळ पोथीपेक्षा तिच्या छायाचित्रावरच अधिक काळ काम करतो. छायाचित्र म्हणजे मूळ कागदाची विश्वासार्ह प्रतिकृती, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक नेहमीच खरे ठरते असे नाही.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या संशोधनासाठी एका घराण्याकडील वतनविषयक मोडी कागदांची छायाचित्रे उसन्या घेतलेल्या कॅमेऱ्याने काढली होती. त्यांपैकी एका कागदात ‘त्यांचे वतन’ असा पाठ वाचला आणि त्यावरून वतन भाऊबंदांचे सामाईक होते, असा निष्कर्ष प्रबंधाच्या मसुद्यात मांडला. पुढे इतर छायाचित्रे पाहताना तोच ठिपका, चौकटीतील त्याच जागी, पुढच्या तीन कागदांवरही आढळला; एका कागदावर तर तो कोऱ्या समासात होता. मूळ पाठ ‘त्याचे वतन’ असा होता. खात्री करून घेण्यासाठी मूळ कागद पुन्हा पाहावयास गेल्यावर घराची वाटणी झाल्याचे समजले. कागद कोणाकडे गेले हे कोणासही सांगता येईना. निष्कर्षाचा तो सबंध परिच्छेद प्रबंधातून काढून टाकावा लागला. छायाचित्र हेच एकमेव साधन उरते, तेव्हा कॅमेऱ्यातील धुळीचा एक कणही इतिहासाच्या साधनात लुडबूड करू शकतो, हे त्या अनुभवातून उमगले.

डाग नेमका कोठे असतो?

छायाचित्रात डाग दिसला की सामान्यतः भिंगाची पुढची काच पुसली जाते. या उपायाचा सहसा उपयोग होत नाही. भिंगाच्या पुढील काचेवरील कण इतका केंद्राबाहेर असतो की त्याची स्पष्ट आकृती उमटत नाही. दोष असतो तो आत, संवेदकापाशी. तेथेही धूळ प्रत्यक्ष संवेदकावर बसत नाही. संवेदकासमोर साधारण एक ते दोन मिलिमीटर अंतरावर एक संरक्षक काच वा गाळणी असते, तिच्या पृष्ठभागावर ती बसते. छायाचित्रात दिसते ती त्या कणाची सावली.

फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा नवा भाग पुढे येत असे. त्यामुळे एखादा कण बहुधा एखाद्याच चित्रापुरता बाधक ठरे. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र हजारो छायाचित्रांसाठी तोच पृष्ठभाग वापरला जातो. म्हणूनच एकदा बसलेला कण काढेपर्यंत प्रत्येक चित्रात त्याच ठिकाणी उमटत राहतो. ही त्याची स्थिरता त्रासदायक असली तरी त्याला ओळखण्याची खूणही तीच आहे, हे पुढे दिसून येईल.

सावलीचे गणित

तोच कण कधी ठळक दिसतो, तर कधी मुळीच दिसत नाही. याचे कारण ॲपर्चर, म्हणजे भिंगातील प्रकाशद्वाराचा आकार, हे होय. भिंगातून येणारा प्रकाश शंकूच्या आकारात संवेदकावरील प्रत्येक बिंदूवर एकवटतो. संवेदकापासून काचेचे अंतर भागिले एफ-संख्या केली असता काचेच्या पातळीवरील शंकूची रुंदी स्थूलमानाने मिळते. हे अंतर १.५ मि.मी. आणि कणाचा व्यास ०.०४ मि.मी., म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, असे मानू.

एफ/२.८ या उघड्या द्वाराशी शंकूची रुंदी सुमारे ०.५४ मि.मी. येते. कण त्यातील अवघा अर्धा टक्का प्रकाश अडवितो. ही सावली डोळ्यांना जाणवत नाही. एफ/८ ला रुंदी ०.१९ मि.मी. होऊन सुमारे साडेचार टक्के प्रकाश अडतो. एफ/२२ ला रुंदी ०.०७ मि.मी. इतकीच राहते आणि जवळजवळ ३५ टक्के प्रकाश अडतो. म्हणजे द्वार जितके लहान, तितकी सावली लहान, गडद व रेखीव.

आता हे गणित कागदावर उतरवून पाहू. ३६ मि.मी. रुंदीच्या पूर्णचौकट संवेदकावर ३६ सें.मी. रुंदीचा कागद मावविला, तर प्रमाण १:१० होते. एफ/२२ ला संवेदकावर पडणारी सुमारे ०.११ मि.मी.ची सावली कागदाच्या मापाने १.१ मि.मी. भरते. बोरूने दिलेल्या अनुस्वाराचा आकार याच्या आसपासच असतो. धूळ आणि शाई यांची गल्लत होते ती या योगायोगामुळे.

एफ/८ ला सावली फिकट असल्याने धोका टळला, असेही समजता येत नाही. फिकट शाई उठून दिसावी म्हणून अभ्यासक चित्राचा उजळ-गडदपणा वाढवितो किंवा चित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतरित करतो. जुनाट तपकिरी कागदावर ही अंधूक सावलीही अशा प्रक्रियेत काळा ठिपका होऊन बसू शकते.

एका ठिपक्याचे मोल

मराठीत अनुस्वार हे केवळ उच्चाराचे चिन्ह नाही. ‘मद’ आणि ‘मंद’, ‘रग’ आणि ‘रंग’, ‘पत’ आणि ‘पंत’ यांत शब्दच बदलतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या लेखनात ‘तें’, ‘केलें’, ‘घरीं’ यांसारखे अनुस्वार लिंग व विभक्ती दाखवीत. ‘केली’ आणि ‘केलीं’ यांत स्त्रीलिंगी एकवचन व नपुंसकलिंगी अनेकवचन यांचा भेद आहे. ‘त्याचे’ आणि ‘त्यांचे’ यांत तर एकाची मालकी अनेकांची होते, किंवा साध्या उल्लेखाचा आदरार्थी उल्लेख होतो.

मोडीत ही अडचण अधिक बिकट होते. ओळीवर आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. संदर्भावरून पाठ ठरविणाऱ्या वाचकाला अशा ठिकाणी एखादा ठिपका हाच निर्णायक पुरावा वाटू शकतो.

तेलाचे डाग : एक बोधप्रद उदाहरण

सर्वच डाग बाहेरच्या धुळीचे नसतात. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, आणि आरसा हे वेगाने हलणारे भाग असून त्यांना वंगण दिलेले असते. त्याचे सूक्ष्म तुषार, तसेच भागांच्या घर्षणातून निघणारे कण, काचेवर उडतात. धुळीचा ठिपका अनियमित आकाराचा असतो. तेलाचा बहुधा वाटोळा असतो व काही वेळा त्याचा मध्य उजळ आणि कडा गडद दिसते.

निकॉन कंपनीचा डी६०० हा २४.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आला. थोड्याच काळात अनेक वापरकर्त्यांना छायाचित्रांत, विशेषतः वरच्या डाव्या भागात, काळे ठिपके आढळू लागले. भिंग न बदलताही ठिपके वाढत असल्याने त्यांचा उगम कॅमेऱ्याच्या आतच असावा, असा संशय बळावला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने या तक्रारींची दखल घेणारी सूचना प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बदललेल्या शटरसह डी६१० हा कॅमेरा आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये डी६०० ची तपासणी, स्वच्छता आणि शटर व संबंधित भागांची बदली हमीची मुदत संपली असली तरी विनामूल्य करून देण्याचे कंपनीने जाहीर केले. पुढील महिन्यात चिनी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानंतर शांघायमध्ये या कॅमेऱ्याची विक्री थांबविण्याचा आदेश निघाला.

डाग पडला म्हणजे वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा, असे मानण्याचे कारण नाही, हा या प्रकरणाचा बोध होय. नवा कोरा कॅमेराही तपासल्याशिवाय कामाला लावू नये.

तपासणी

तपासणीची रीत सोपी आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर सारखा प्रकाश पाडावा. आयएसओ १०० आणि एफ/१६ वा एफ/२२ ठेवावे. केंद्रीकरण हाताने अनंतावर न्यावे, म्हणजे कागदाचा पोत अंधूक होतो. प्रकाशन किंचित वाढवून, कॅमेरा हलका हलवीत चित्र घ्यावे. कागदाचे धागेदोरे हालचालीत पुसले जातात, संवेदकावरील डाग मात्र जागच्या जागी राहतो. चित्र संगणकावर पूर्ण आकारात पाहावे. संवेदकावर प्रतिमा उलटी पडत असल्याने, भिंग काढून समोरून पाहिल्यास चित्रात वर दिसणारा डाग काचेच्या खालच्या बाजूस असतो. डावी-उजवी बाजू मात्र तीच राहते.

स्वच्छतेच्या पायऱ्या

स्वच्छता सौम्य उपायापासून सुरू करावी आणि प्रत्येक पायरीनंतर तपासणीचे चित्र घ्यावे.

पहिली पायरी कॅमेऱ्यातील अंगभूत व्यवस्थेची. ऑलिंपसच्या ई-१ या कॅमेऱ्यात २००३ साली काच अतिजलद कंपनाने झटकण्याची सोय आली व पुढे ती इतर कंपन्यांनीही स्वीकारली. कोरडी धूळ तिने झडते. तेल हलत नाही.

दुसरी पायरी रबरी फुग्याने हवा मारण्याची. घटमाला पूर्ण भारित असावी, कारण मध्येच वीज संपल्यास पडदा मिटून उपकरणास इजा होते. यादीतील स्वच्छतेचा पर्याय निवडून पडदा उघडावा. दीर्घ प्रकाशनाचा बल्ब हा पर्याय त्यासाठी वापरू नये. कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे सुटलेली धूळ बाहेर पडते. तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचे तुषार धुळीहून त्रासदायक ठरतात. डब्यातील दाबाखालची हवाही वर्ज्य मानावी, कारण तिच्यातील द्रव काचेवर उडतो.

तेल व चिकटलेली धूळ यांसाठी ओली स्वच्छता लागते. कोरड्या ब्रशाने तेल निघत नाही. ते पसरते आणि ब्रशही खराब होतो. संवेदकाच्या रुंदीचा, याच कामासाठी मिळणारा निर्जंतुक फाया घेऊन त्यावर विशिष्ट द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग एकदाच फिरवावा, दुसऱ्या बाजूने परत आणावा आणि टाकून द्यावा. वापरलेला फाया पुन्हा फिरविल्यास अडकलेल्या कणाने काचेवर ओरखडा पडतो. हात स्थिर नसेल वा कॅमेरा संस्थेचा असेल, तर हे काम जाणकाराकडूनच करून घेणे इष्ट.

प्रतिबंधाचाही विचार हवा. दप्तरांचे रुमाल सोडताना जुन्या कागदाचा चुरा उडतो. घरोघरी पोथ्यांत वेखंडाची पूड घातलेली असते. रुमाल सोडलेल्या खोलीत भिंग बदलू नये. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात ही दक्षता अधिक घ्यावी, कारण त्यांपैकी अनेकांत भिंग काढताच संवेदक उघडा पडतो. कागद सपाट असेल तर एफ/८ च्या आसपास काम भागते. एफ/२२ ला डाग गडद होतातच, शिवाय प्रकाशाच्या विवर्तनाने अक्षरांच्या कडाही मऊ पडतात.

कोऱ्या चौकटीचा पुरावा

येथपर्यंतचे विवेचन पुढील छायाचित्रांविषयी झाले. आधीच काढलेल्या चित्रांतील डागांचे काय करावे? संगणकावर डाग पुसून टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि जो हात धूळ पुसतो, तोच हात खरा अनुस्वारही पुसू शकतो. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. दुरुस्ती करावयाची ती स्वतंत्र प्रतीत करावी आणि तशी नोंद ठेवावी.

याहून महत्त्वाची सवय म्हणजे प्रत्येक बैठकीच्या आरंभी व शेवटी एक कोरी चौकट टिपणे. ती त्या दिवसाच्या धुळीचा नकाशाच होय. शंकास्पद ठिपका कोऱ्या चौकटीतही त्याच जागी असेल तर ती धूळ. नसेल तर तो कागदावरचा आहे असे मानण्यास आधार मिळतो. मात्र ही चौकट पोथीसाठी वापरलेल्याच एफ-संख्येवर घ्यावी, अन्यथा सावलीचा आकार जुळत नाही. कोरी चौकट नसेल, तर त्याच दिवशीची मागची-पुढची चित्रे एकावर एक ठेवून पाहावीत. अक्षरे पानागणिक बदलतात, धूळ बदलत नाही. कण मध्येच हलण्याचा संभव असल्याने एकाच चित्रावरून मात्र निर्णय घेऊ नये.

निष्कर्ष

संवेदकाची स्वच्छता हा केवळ छायाचित्रकाराच्या टापटिपीचा विषय नाही. हस्तलिखितांच्या बाबतीत तो पाठनिश्चितीचाच एक भाग आहे. लेखनिकाच्या हातून झालेले प्रमाद ओळखण्याची शिस्त आपल्या पाठचिकित्सेने पूर्वीच घालून दिली आहे. कॅमेरा हाही आता एक लेखनिक झाला असून त्याचेही प्रमाद ठरावीक व ओळखता येण्याजोगे आहेत. संशोधन केंद्रांनी व महाविद्यालयांनी हस्तलिखितांच्या प्रत्येक छायाचित्रसंचासोबत कोरी चौकट, वापरलेली एफ-संख्या आणि स्वच्छतेची तारीख जतन करावी, असे येथे सुचवावेसे वाटते. त्यासाठी लागतो तो एक कोरा कागद आणि दोन मिनिटांचा वेळ. मूळ कागद हाताबाहेर गेल्यानंतर मात्र हा पुरावा कशानेही भरून काढता येत नाही.