फिलिपिनो समाजात वास्तव्याची पूर्वतयारी : ‘काप्वा’ संकल्पनेच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
फिलिपाइन्समध्ये वास्तव्यास जाणाऱ्या पाश्चात्त्य व्यक्तीची तयारी बहुधा व्हिसा, लसीकरण व निवासव्यवस्था यांपाशी थांबते. १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेलेला हा देश १९४६ मध्ये स्वतंत्र झाला. मात्र इंग्रजी टिकून राहिली. १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो भाषेबरोबर इंग्रजीलाही राजभाषेचे स्थान दिले. त्यामुळे भाषा कळते म्हणजे माणसेही कळतील, असा समज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मूल्यांची यादी व तिची मर्यादा :
१९६० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिंच यांनी फिलिपिनो समाजातील सलोख्याच्या परस्परसंबंधांचे महत्त्व मांडले. पुढे परकीयांना हा समाज समजावून देताना तीन मूल्ये वारंवार सांगितली गेली : ‘हिया’, म्हणजे लज्जा, काहीशी आपल्याकडील ‘भीड’, ‘उतांग ना लोओब’, म्हणजे अंतःकरणाने मानलेले ऋण, आणि ‘पाकिकिसामा’, म्हणजे जुळवून घेणे. ही माहिती उपयुक्त आहे. स्पष्ट नकाराऐवजी ‘प्रयत्न करतो’ असे उत्तर मिळाले, तर त्यामागील भीड ओळखता येते. ती न ओळखल्यास पाश्चात्त्य व्यक्ती त्या उत्तराला होकार समजते व पुढे फसवणुकीचा आरोप करते. तथापि, अशा यादीमुळे समोरचा माणूस हाताळण्याची ‘अडचण’ ठरण्याचा धोका असतो.

‘काप्वा’ची संकल्पना :
फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ व्हर्जिलिओ एन्रिकेझ (१९४२–१९९४) यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांच्या मते, ही मूल्ये वरवरची असून त्यांच्या मुळाशी ‘काप्वा’ आहे. या शब्दाचे भाषांतर ‘इतर’ असे केले जाते. परंतु एन्रिकेझ त्याचा अर्थ ‘मी आणि इतर यांचे सामायिक स्वत्व’ असा लावतात. माणसे ‘इबांग ताओ’ (परकी) किंवा ‘हिंदी इबांग ताओ’ (परकी नसलेली) असतात. येथे ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’. परक्याशी सौजन्याने वागले जाते. परकेपणा सरल्यावर विश्वास व मनमोकळेपणा येतो. म्हणजेच तो संदिग्ध होकार हा स्वभावदोष नसून नात्याच्या पहिल्या पायरीचे लक्षण आहे.

निष्कर्ष :
यावरून तयारीची दिशा बदलते. ज्या प्रांतात राहायचे तेथील भाषा शिकणे हे पहिले पाऊल होय. टागालोगमधील आदरार्थी ‘पो’ पाठ केला, तरी सेबूमधील सेबुआनो बोलीत तो रूढ नाही. दुसरे म्हणजे, जेवणाचे निमंत्रण किंवा बाप्तिस्म्यातील धर्मपित्याचा मान स्वीकारताना त्यासोबत येणारी जबाबदारीही स्वीकारावी लागते. ती टाळणारा पाहुणा कितीही वर्षे राहिला, तरी त्याच्या वाट्याला केवळ सौजन्य येते. आणि त्या सौजन्यालाच तो आपुलकी समजत राहण्याची शक्यता असते.