घोड्याचं खातं

आमच्या नेरळच्या घरात फडताळात एक लांबोडकी, लाल पुठ्ठ्याची वही आहे. किराणावाले उधारीला वापरतात तसली. तिच्यात माणसांचा हिशोब एकाही पानावर नाही. कोंडा, हरभरे, गवताचे भारे, नाल, खिळे, नालबंदाची मजुरी, डॉक्टर, इंजेक्शन. ही वही मामंजींची. २०१७ मध्ये त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सूनबाई, कमाई नाही लिहिली तरी चालेल, खाणं लिहीत जा." परवा शाळेला सुट्टी होती म्हणून ती सुरुवातीपासून वाचत बसले, आणि वीस वर्षं एका दुपारी डोळ्यांपुढून गेली.

मी या घरात आले २००४ साली, कल्याणहून. तोवर घोडा पाहिला होता तो वरातीत आणि चौपाटीवर. इथे आले तर अंगणापलीकडच्या पत्र्याच्या पागेत तीन जनावरं. राणी, बाजीगर आणि तेव्हा जेमतेम तीन वर्षांची बिजली. (माथेरानच्या घोड्यांची नावं हा एक स्वतंत्र विषय आहे. अर्धे सिनेमातले, अर्धे चेतक.) तिघांनाही माथेरानचा परवाना. वर गाडीला बंदी. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात, तिथून पुढे तेव्हा पाय, हातरिक्षा, छोटी रेल्वेगाडी नाहीतर घोडा. असे परवान्याचे घोडे माथेरानात साडेचारशेच्या वर.

वहीतली पहिली नोंद जिथे मी थबकले, ती अशी: "२६ जुलै २००५. पाऊस. घाट बंद." एवढंच. त्या दिवसाने मुंबईचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे डोंगर सुटला आणि नेरळ-माथेरान रेल्वेचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. ही गाडी १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली. ती पुन्हा धावायला २००७ उजाडलं. वहीत त्या जुलै-ऑगस्टची पानं बघितली तर कमाईचा रकाना कोरा आणि खाण्याचा रकाना भरलेला. घोड्याला सुट्टी असते, त्याच्या पोटाला नसते. मग दिवाळीपासून गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत मात्र उलटं चित्र. गाडी बंद म्हणून घोड्याला मागणी. पुढे हे मला सवयीचंच झालं. २०१२ मध्ये अमन लॉज ते माथेरान शटल सुरू झाली, दस्तुरीवरची गिऱ्हाइकं तिकडे वळली आणि आमचा धंदा बसला. मे २०१६ मध्ये डबे रुळावरून घसरल्यामुळे गाडी बंद झाली आणि धंदा उठला. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा खचला, नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. रेल्वेप्रेमी मंडळी त्या गाडीसाठी हळहळायची तेव्हा मी मान डोलवायचे आणि मनातल्या मनात हरभऱ्याचा भाव मोजायचे. खोटं कशाला बोलू?

दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आधी पाणी, मग दाणा, हा क्रम मामंजींनी कधी मोडू दिला नाही. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे आणि कोंडा. तोबऱ्यात तोंड घालून तिघं एका लयीत चावायला लागले की पागेत पावसाची सर पत्र्यावर यावी तसा आवाज. मग खरारा. खरारा म्हणजे नुसती धूळ झाडणं नाही हे मला वर्षभराने कळलं. एका हाताने खरारा फिरवायचा आणि दुसरा हात मागून उलटा, म्हणजे तळहाताच्या मागच्या बाजूने, पायावरून खाली न्यायचा. चारांपैकी एक पाय गरम लागला तर त्या दिवशी ते जनावर वर जाणार नाही. खोगिराखालच्या नमद्याची घडी चुकली तर पाठीला जखम होते आणि ती भरायला महिना जातो. माणसाला बुटात खडा गेला तर तो बूट काढतो. घोडा दस्तुरीपासून पॅनोरमा पॉइंटपर्यंत तसाच जातो.

ओझ्याचा नियम मी बी.एड.चा अभ्यास करावा तसा पाठ केला होता. ओझ्याच्या जनावरांबद्दलचे १९६५ चे केंद्रीय नियम तट्टाच्या पाठीवर ७० किलोंची मर्यादा घालतात. नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. मामंजींना हे आकडे माहीत नव्हते. ते उतरणाऱ्या माणसाकडे एकदा बघायचे, पोटाकडे दुसऱ्यांदा बघायचे आणि अतिशय अदबीने म्हणायचे, "साहेब, वहिनींना बसवा. तुम्ही चालत या, रस्ता फार छान आहे." बाकीचे घोडेवाले हसायचे, कारण एक गिऱ्हाईक गेलं म्हणजे नंबर पुन्हा शेवटी. सगळे असे नव्हते, हेही लिहायला हवं. लंगडणाऱ्या घोड्याला "नखरे करतो" म्हणून हाणणारा माणूस मी त्याच नाक्यावर पाहिला आहे. अंतर वाढवून सांगणं, दर चढवून सांगणं हे तर चालूच होतं. त्याच फसवणुकीविरुद्ध मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं, तेव्हा मला राग आला नाही.

बसायला मी शिकले २००८ च्या पावसाळ्यात. वर पर्यटक नसतात, ऑलिंपियाचं मैदान रिकामं असतं आणि लाल चिखलात पडलं तर लागत नाही, असा मामंजींचा हिशोब. सासूबाईंना हे पसंत नव्हतं. सून घोड्यावर बसलेली गावाने बघितली तर काय म्हणेल, वगैरे. मामंजी म्हणाले, "गाव पावसात घरी बसतं." बिजलीच्या पाठीवर पहिले आठ दिवस मी लगामाला लोंबकळत होते. ते लगाम सोडायला लावायचे, हात दोन्हीकडे पसरायला लावायचे. "मांड धर. हाताने घोडा थांबत नाही, मांडीने थांबतो." चालीला बरं वाटायचं. दुडकी आली की माझे दात एकमेकांवर आपटायचे. चौदाव्या की पंधराव्या दिवशी केव्हातरी माझी कंबर आणि तिची पाठ एकाच वेळी वरखाली झाली, आणि मग ती दुडकी दुडकी राहिली नाही, झोका झाला. पाच मिनिटंच. नंतर तिला झुडपात माकड दिसलं, ती डावीकडे गेली आणि मी उजवीकडे.

वहीत एक पान चुरगळलेलं आहे, २०१३ च्या जानेवारीतलं. चूक माझी होती. मामंजी लग्नाला आळंदीला गेले होते. कोंड्याचं नवं पोतं फोडलं, वास थोडा कुबट आला, मी म्हटलं थंडीचा असेल. रात्री दहाला राणी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. मान वळवून पोटाकडे बघायची, बसायची, उठायची. लीद नाही. घोड्याला ओकता येत नाही, हे मला तोवर एक गंमत म्हणून माहीत होतं. त्या रात्री कळलं की म्हणूनच साध्या पोटशुळाने घोडा सकाळपर्यंत मरू शकतो. मी तिच्या कुशीला कान लावला. एरवी तिथे जात्यासारखी घरघर ऐकू येते. त्या रात्री काहीही नव्हतं. लोळू द्यायचं नाही एवढं आठवत होतं, म्हणून मी आणि माझे मिस्टर आळीपाळीने तिला अंगणात फिरवत राहिलो. डॉक्टर कर्जतच्या पलीकडून मोटारसायकलवर आले, तेव्हा दोन वाजून गेले होते. त्यांनी नाकातून नळी घातली, तेलकट औषध सोडलं, सुई दिली आणि चहा न घेता शेजारी बसून राहिले. पाच वाजता राणीने लीद टाकली. मी आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्याच्या निकालावर इतकी खूश झालेली नाही. मामंजी परत आले, पोत्यात हात घातला, हुंगलं आणि वहीत लिहिलं: "कोंडा १ पोतं, टाकला." माझं नाव लिहिलं नाही.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला एक वर्ष दिलं. निकाल योग्य होता असं मला तेव्हाही वाटलं. त्या घोड्यांचे तबेले मी एकदा पाहिले आहेत, डांबरावर आयुष्य काढलेले खूरही पाहिले आहेत. गाडीवानांच्या पुनर्वसनाची चर्चा पुढे बराच काळ चालली, २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. घोडे कुठे गेले, हा प्रश्न मात्र निकालानंतर फार थोड्यांनी विचारला. त्यातला एक आमच्याकडे आला. दलाल म्हणाला, सात वर्षांचा. मामंजींनी ओठ वर केला, पुढच्या दातांचा कल बघितला आणि म्हणाले, "सातचा दुप्पट." तरी घेतला. सुलतान नाव त्याचंच होतं.

त्याला पाठीवर माणूस म्हणजे काय हे माहीत नव्हतं. आयुष्यभर झापडं लावलेली, त्यामुळे कडेने काही हललं की दचकायचा. पण रस्त्याच्या कडेला एखादं कुटुंब पोराला घेऊन उभं दिसलं की आपण होऊन थांबायचा. थांबायचा आणि मागे कोणी चढल्याचा हिसका बसेपर्यंत हलायचा नाही. नेरळच्या बाजारात त्याला घेऊन गेले की मला पाऊण तास लागायचा. त्याला परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो पाच वर्षं नुसता खात राहिला. शहरातली एक ओळखीची बाई आली होती, तिने विचारलं, "तुम्ही रेस्क्यू केलात का याला?" मामंजींनी मला विचारलं, ती काय म्हणते. मी सांगितलं. ते म्हणाले, "आणला म्हणावं."

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत माथेरान बंद झालं ते पावसासारखं नव्हतं. पाऊस ऑक्टोबरात जातो हे ठरलेलं असतं. पहिल्या महिन्यात हरभरे बंद केले, दुसऱ्या महिन्यात कोंडा निम्मा. पोटाला भर म्हणून गवत जास्त. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण तरी हवी, आणि आमच्याकडे अशी चार. मदत आली, पुष्कळ आली, पोती घेऊन लोक आले. काही जण पोतं उतरवण्याआधी घोड्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे, आणि बरगड्या दिसतील अशी बाजू निवडायचे. मला ते खुपायचं. मामंजींना नाही. "फोटो घोडा खात नाही, पोतं खातो," म्हणून ते पोतं आत न्यायचे. त्या वर्षी खाली ठाण्या-रायगडात बरेच घोडे विकले गेले, काही रस्त्यावर सोडलेही गेले. सुलतान २०२१ च्या पावसाळ्यात गेला, म्हातारपणाने, झोपेत. वहीत मी लिहिलं आहे: "जेसीबी, दोन तास. मीठ, चार पोती."

५ डिसेंबर २०२२ ला वर ई-रिक्षा फिरायला लागल्या, प्रयोग म्हणून. घोडेवाले विरोधात गेले, मला त्या हव्या होत्या, आणि मी घरात एकटी पडले. माझ्या शाळेतल्या, वर राहणाऱ्या मुली रोज दस्तुरीपर्यंत चालत यायच्या. सासूबाईंचा गुडघा गेलेला. रस्त्यावर बसवलेल्या ब्लॉकचं म्हणाल तर तिथे मी घोडेवाल्यांच्या बाजूने. ओल्या ब्लॉकवर लोखंडी नाल कसा सरकतो ते मी बाजीगरच्या पुढच्या गुडघ्यावर पाहिलं आहे, दोन्ही गुडघे सोललेले. लाल मातीत खूर रुततो, ब्लॉकवर तो काही पकडू शकत नाही. पण लिदीची धूळ हवेत उडते, हीही लोकांची तक्रार खरीच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं, तेव्हा मी मामंजींना बातमी वाचून दाखवली. मला वाटलं ते घोड्यांचं पुढे काय म्हणून विचारतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माणसाने माणसाला ओढायचं, हे आपल्याआधी थांबायला हवं होतं."

राणी आणि बाजीगर आता नाहीत, पागेत एकटी बिजली. वय चोवीस. दाढा झिजल्या म्हणून कोंडा भिजवून पातळ करून देते. गेल्या दिवाळीनंतर नालबंद आला. दर सहा आठवड्यांनी येतो तसाच, बगलेत पेटी. त्याने पाय मांडीवर घेतला, खिळे एकेक करून उपसले, खूर तासला, कानशीने गोल केला. नवा नाल हातात घेतला तर मामंजी म्हणाले, राहू दे. आता तिला कुठे जायचं आहे? चारही जुने नाल त्याने माझ्या हातात दिले. पुढचे दोन टाचेकडून पत्र्यासारखे पातळ झालेले.

संध्याकाळी तिला सोडलं तर ती अंगणातल्या फरशीवर पाय उचलून उचलून ठेवत होती, गरम वाळूवर चालावं तशी. मातीत गेल्यावर सावरली. पागेत रात्री ती पाय बदलायची तेव्हा टक्‌ असा एक आवाज यायचा. वीस वर्षं आमच्या झोपेत तो होता, आम्हाला ऐकूही येत नव्हता. त्या रात्री सासूबाई काठी टेकत दोनदा उठल्या आणि बॅटरी घेऊन पागेत बघून आल्या, बिजली आहे ना.