पिशवीत दोन सत्त्या

चौदा क्लब : लेखांक ११

दीडशे यार्डांवर उभा राहून मी हात मागे केला आणि म्हणालो, "मामा, सात नंबर द्या." मामा, माझे कॅडी, जागचे हलले नाहीत. "कोणती सात, साहेब? जाडी का बारीक?"

माझ्या पिशवीत ७ आकडा कोरलेल्या दोन आयर्न आहेत. पत्त्यांच्या डावात एकाच रंगाच्या दोन सत्त्या निघाल्या, तर कोणीतरी लबाडी केली असं समजायचं. इथेही लबाडी झाली आहे, पण ती माझी नाही. क्लबच्या तळावर आकडे कोरणाऱ्यांची आहे. ते प्रकरण पुढे येईलच. गेल्या आठवड्यात शाफ्टच्या वजनाबद्दल बोललो होतो. आज त्या शाफ्टच्या टोकाला काय लावायचं, आणि सगळ्या आयर्नना एकाच जातीचं डोकं असायला हवं का, हा विषय.

आपल्याकडे सेट म्हटलं की रुखवतातली भांडी डोळ्यांसमोर येतात. सगळी एका घाटाची, उतरत्या मापाची, एकात एक बसणारी. गोल्फमध्ये मात्र ही कल्पना तशी अलीकडची. हिकरीच्या लाकडी दांड्यांच्या काळात आयर्नना आकडे नव्हते, नावं होती: मॅशी, निब्लिक, आणि या दोघांच्या मधली मॅशी-निब्लिक. लाकडाचा दांडा प्रत्येक वेगळा, त्यामुळे खेळाडू एकेक क्लब हातात घेऊन, हलवून, पटला तर ठेवायचे. बॉबी जोन्सने १९३० साली एकाच मोसमात तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या असल्या एकेक करून जमवलेल्या क्लबांनी. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली. एकसारखे दांडे कारखान्यात बनू लागल्यावर डोकीही एकसारखी आली, त्यांना आकडे आले आणि दुकानात 'सेट' आला. मग हाव सुटली. लॉसन लिटलसारखे खेळाडू पंचवीसच्या वर क्लब घेऊन फिरू लागले. अखेर १९३८ साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये चौदाची मर्यादा घातली गेली. या लेखमालेचं नाव त्या नियमावरूनच घेतलं आहे.

तेव्हा मिश्र सेट हे आजचं फॅड नव्हे, जुनीच रीत आहे. फरक एवढाच की पूर्वी दांडे वेगवेगळे होते म्हणून मिसळावं लागे, आता डोकी वेगवेगळी आहेत म्हणून मिसळता येतं. ही डोकी वेगळी होण्यामागे मुख्यतः एक माणूस आहे, कार्स्टन सोल्हाइम. जन्म नॉर्वेतला, नोकरी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअरची. स्वतःचं पटिंग सुधारेना म्हणून त्याने १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये एक पटर बनवला. चेंडूला लागताना त्याचा जो आवाज येई, त्यावरून 'पिंग' हे नाव पडलं. त्याचा विचार सोपा होता. क्लबच्या डोक्याचं वजन मध्यभागी एकवटलं, तर चेंडू जरा बाजूला लागला की डोकं हातात फिरतं. तेच वजन टाचेकडे आणि टोकाकडे, कडेकडेने वाटलं, तर ते कमी फिरतं. कावडीचं ओझं दोन्ही टोकांना असलं की ती पटकन गिरकी घेत नाही, तसंच. पाठ पोखरून वजन कडेला नेलेली ही कॅव्हिटी बॅक आयर्न पुढे सगळ्यांनीच बनवली. पिंगची १९८२ सालची आय टू तर तुफान खपली. त्याआधीची सलग पोलादाची पातळ ब्लेड मागे पडली, संपली मात्र नाही.

संपली नाही याला कारण आहे. आयर्नचं काम एकच नसतं. पाच किंवा सहा नंबर हातात घेता तेव्हा तुम्ही लांब उभे असता. दांडा लांब, फेसचा कल कमी, आणि चेंडू नेमका मधोमध लागण्याची शक्यताही कमी. तिथे क्लबने चूक पोटात घ्यावी आणि चेंडू उंच उचलावा, एवढीच अपेक्षा. तळ रुंद, वजन खाली, फेस पातळ आणि लवचिक, हे सगळं तिथे कामाचं; मामांची 'जाडी' ती हीच. नऊ नंबर किंवा पिचिंग वेज हाती येते तेव्हा मागणी उलटी होते. उंची आपोआप मिळते. आता हवं असतं ठरलेलं अंतर. एकशे वीस म्हटलं की एकशे वीस, एकशे तेहतीस नव्हे. पातळ, उसळत्या फेसची जाडी आयर्न इथे दगा देते: मधेच एखादा चेंडू फिरकी न घेता सुसाट निघून ग्रीनच्या पलीकडच्या झाडीत जातो. शिवाय अशा आयर्नचा फेस दांड्याच्या बराच मागे असतो. लांब आयर्नमध्ये त्याने उजवीकडे जाणारा चेंडू आवरतो. छोट्या आयर्नमध्ये तीच सोय उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे ओढते. म्हणून खाली जाड आणि वर बारीक. खुद्द टायगर वूड्स, ज्याने जन्मभर ब्लेडच वापरली, त्याच्याही पिशवीत अलीकडे तीन नंबरची आयर्न टेलरमेडची पोकळ डोक्याची पी७७० होती. त्याला जिथे मदत घ्यायला लाज वाटली नाही, तिथे आपण सोळा हँडिकॅपवाल्यांनी का लाजावं?

आता ती लबाडी. ब्लेडमध्ये सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा कल, साधारण ३४ अंश असतो. लांब मारण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आयर्नमध्ये तोच सात नंबर २८-२९ अंशांवर आलेला आहे. जुन्या हिशेबाने तो पाच नंबरच्या जवळ गेला, फक्त वर ७ कोरलं आहे. दुकानातल्या पडद्यावर गिऱ्हाईक आपल्या सातने पंधरा यार्ड जास्त गेलेले पाहतं आणि खूश होऊन कार्ड काढतं. माझंही तसंच झालं होतं. वजन खाली आणल्यामुळे चेंडू जास्तच उंच जातो, म्हणून लॉफ्ट कमी करावा लागतो, हे कारण खरं आहे, पण अर्धंच.

दोन जाती मिसळताना हा आकडा तुम्हाला खड्ड्यात घालतो. समजा, जाड्या सेटमध्ये सहा नंबर २६.५ अंशांचा आणि सात ३०.५ चा आहे. बारीक सेटमध्ये सात ३४, आठ ३८, नऊ ४२ आणि पिचिंग वेज ४७. तुम्ही ठरवलंत, सहापर्यंत जाड, सातपासून बारीक. आकडे ओळीने आले, पण कल २६.५ वरून एकदम ३४ वर गेला. दोन आयर्नमध्ये साधारण चार अंशांचं अंतर हवं; इथे साडेसात झालं. म्हणजे दहा-बारा यार्डांऐवजी वीस-पंचवीस यार्डांची पोकळी, आणि ती नेमकी जिथून आपण सर्वांत जास्त वेळा ग्रीनवर मारतो तिथे. यावर दोन उपाय. एक, क्लब वाकवून घेणं. नरम कार्बन पोलादाची घडवलेली आयर्न अंश-दोन अंश बिनधास्त वाकते. ओतीव स्टेनलेसची कडक असते, तिच्याशी जपून. शिवाय कल एक अंशाने कमी केला की तळाचा बाउन्सही तेवढाच घटतो. त्यामुळे थोड्या फरकासाठी हा उपाय ठीक, साडेसात अंशांसाठी नाही. दुसरा उपाय म्हणजे आकड्यांकडे दुर्लक्ष करणं. जाडा सात आणि बारीक सात, दोन्ही ठेवायचे. २६.५, ३०.५, ३४, ३८: पायऱ्या जवळपास सारख्या. माझ्या दोन सत्त्यांचं गुपित एवढंच. जाडी १५२ यार्ड जाते, बारीक १४०. मामांनी जाडीच्या दांड्याला लाल टेप गुंडाळून टाकली आहे, तरी विचारल्याशिवाय देत नाहीत.

काही जोड्यांमध्ये ही कटकट कमी असते. स्रिक्सनच्या झेडएक्स५ आणि झेडएक्स७ मध्ये सात नंबरचे लॉफ्ट ३१ आणि ३२ अंशांचे होते. एका अंशाचा फरक सहज भरून निघतो. पण कंपनी एक आहे म्हणून कल जुळतीलच असं मुळीच नाही. तक्ता मागून घ्या.

कुठे जात बदलायची, हे पुस्तकावरून ठरत नाही. रेंजवर लाँच मॉनिटर मिळाला तर एक सकाळ द्या. पाच ते आठ नंबर, दोन्ही जातींचे, प्रत्येकी दहा चेंडू. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरून जा, तो फक्त घरी सांगायला. बघायचं ते हे: चेंडू ग्रीनवर किती अंशांनी उतरतो, आणि दहापैकी सर्वांत आखूड व सर्वांत लांब यांत किती अंतर पडतं. उतरण्याचा कोन पंचेचाळीसच्या आसपास असला तर चेंडू थांबतो, चाळिसाच्या खाली गेला की घरंगळतो. बारीक आयर्नने ज्या नंबरावर हा कोन ढासळतो, तिथे जाडी सुरू करायची. आणखी एक खूण: पाच आणि सहा नंबर तुम्हाला जवळपास सारख्याच अंतरावर टाकत असतील, तर तुमच्या वेगाला पाच नंबर पेलत नाही. तिथे जाडी आयर्नसुद्धा नको, सरळ हायब्रिड घ्या. माझा अनुभव असा की माणसं हा सांधा नेहमी एक-दोन नंबर खाली ठेवतात, अभिमानापायी. चार नंबर जाडा घेऊन पाचपासून बारीक घेणारे मी बरेच पाहिले. त्यांतल्या कित्येकांनी सातपासून बारीक घ्यायला हवं होतं.

जमिनीबद्दल मात्र परदेशी माहितीवर विसंबू नका. आपल्याकडे मे महिन्यात फेअरवे पाटीसारखा कडक होतो. रुंद तळाची आयर्न त्यावर आपटून उसळते आणि चेंडूच्या पोटाला लागते. जुलैत तीच जमीन लोण्यासारखी होते, आणि अरुंद तळाची धारदार कड चेंडूच्या आधीच मातीत रुतते, ढेकूळ चेंडूपेक्षा पुढे जातं. एकाच सेटची बारमाही कसोटी आपल्या मैदानांवर लागते तशी फार कमी ठिकाणी लागत असेल. म्हणून छोट्या आयर्नमध्येही मी अगदी ब्लेड घेतलं नाही. मध्यम तळाची छोटी कॅव्हिटी घेतली. दिसायला ब्लेडइतकी देखणी नाही. असो.

शाफ्ट मात्र मिसळू नका. दोन्ही जातींना त्याच वजनाचा, त्याच लवचिकतेचा शाफ्ट आणि तीच ग्रिप. जाडा सेट अनेकदा हलक्या शाफ्टसकट येतो, तो बदलून मागावा लागतो आणि त्यासाठी महिना-दीड महिना थांबावं लागतं. थांबा.

आणि हँडिकॅप पंचवीसच्या पुढे असेल तर हा लेख सध्या बाजूला ठेवा. एक पूर्ण जाडा सेट घ्या आणि उरलेले पैसे शिकवणीवर घाला. मिश्र सेट त्याच्यासाठी, ज्याची छोट्या आयर्नची चूक आता ठरावीक झाली आहे पण लांब आयर्न अजून रोज नवी चूक करते.

मोजणी करून थांबतो. ड्रायव्हर, तीन नंबरची एक वूड, दोन हायब्रिड, जाड्या सहा आणि सात, बारीक सात, आठ, नऊ आणि पिचिंग वेज, मग ५२ आणि ५८ अंशांच्या दोन वेज, आणि पटर. बारीक जातीची पिचिंग वेज ४७ अंशांची असल्यामुळे पुढे ५२ सरळ बसते. जाडीची ४३ ची असती तर मधे आणखी एक वेज घ्यावी लागली असती. या वेजचा हिशेब पुढच्या आठवड्यात. एकूण झाले तेरा. चौदावी जागा रिकामी आहे आणि तिथे काय घालावं यावर माझं मन महिनाभर डळमळतंय. मामांचं म्हणणं, राहू द्या तशीच. पिशवी त्यांना उचलायची असते.