मागचे इंडिकेटर एलईडी केले, आता ते इतके भराभर का लुकलुकतात?

नांदेडहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हदगाववरून जातो. अंधार पडल्यावर या रस्त्यावरून उजवीकडे शेताच्या वाटेला दुचाकी वळवायची म्हणजे जीव मुठीत. मागून ट्रक येत असतो आणि तुम्ही वळणार, हे त्याला सांगायला एकच दिवा असतो. तो मिणमिणता असेल तर एलईडी बसवावासा वाटणे साहजिक आहे.

पण बरेचदा असे होते, की मागचे दोन बल्ब बदलून बटण दाबले की इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. एलईडी खराब निघाला असे वाटून लोक तो परत करतात. दोष त्याचा नसतो.

बऱ्याच दुचाकींत इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्ट, १० वॅटचा असतो. म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून २० वॅट, सुमारे पावणेदोन अँपिअर. दिवा उघड-बंद करणारा जुन्या पद्धतीचा फ्लॅशर, म्हणजे रिले, याच करंटवर चालतो. एलईडी जेमतेम एक-दोन वॅट घेतो. करंट घटला की फ्लॅशर समजतो, एक बल्ब उडाला. आणि घाई करतो. चारही दिवे एलईडी केले तर काही गाड्यांत तो लुकलुकतच नाही. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा असेल, तर त्यातून करंट पलीकडे जाऊन चारही इंडिकेटर एकदम लागतात. त्याला डायोड लावावे लागतात.

उपाय दोन. एक, तारेला रेझिस्टर जोडणे. याने वेग जागेवर येतो, पण वाचलेली वीज उष्णतेत जाते आणि प्लॅस्टिकला टेकलेला रेझिस्टर ते वितळवू शकतो. दुसरा, एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. हाच घ्यावा, पुढे जुने बल्ब राहिले तरी चालतो. मात्र जुन्या फ्लॅशरच्या पिना दोन की तीन, हे बघूनच घ्या.

नियमाने इंडिकेटर पिवळसर नारिंगी हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. काच पांढरी असेल तर एलईडी नारिंगीच घ्या. निळे-लाल दिवे शोभेचे असतील, पण मागच्याला त्यातून वळण कळत नाही.

खरे तर खर्च करण्याआधी काच पुसा आणि अर्थिंगची गंजलेली तार घासून बघा. कित्येकदा जुनाच बल्ब तेवढ्याने लख्ख पेटतो.

बसवून झाल्यावर रात्री कुणाला तरी पन्नास पावले मागे, थोडे तिरके उभे करा. स्वस्त एलईडी सरळ मागे झगझगतो, पण बाजूने दिसत नाही. अजून एक, नव्या फ्लॅशरवर बल्ब उडाला तरी वेग बदलत नाही. ती जुनी सूचना गेली, तेव्हा दुधाचे कॅन लटकवण्याआधी मागे जाऊन दिवा बघायचा.